गाणं आत, माणूस बाहेर

आखाजी झाली, झोके उतरले, माहेरपणाला आलेल्या लेकी डोळे पुसत एसटीत बसल्या आणि त्याच आठवड्यात छगनच्या मळ्यातलं वासरू गेलं. वासरू सोडलं तर बाकी सगळं दरवर्षीसारखंच झालं होतं.

खुंटा जागेवर होता, तुटलेलं दावं जागेवर होतं. ओढत नेल्याची रेघ तेवढी मळ्यातून निघाली, बांध चढली आणि शेजारच्या झुलालच्या केळीच्या बागात, शेवरीच्या कुंपणातल्या फटीतून आत गेली. शिरपूरहून चोपड्याकडे जाताना अनेर नदीच्या अलीकडे हे गाव. मागे सातपुडा. उन्हाळ्यात डोंगर करपला की जनावरं पाण्याच्या वासानं खाली उतरतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण ती शेजारच्या गावात उतरतात, असा आपला इथला समज होता. निम्मं गाव ती रेघ बघायला आलं. बांधापर्यंत सगळे बोलत आले. बांधावर सगळे गप्प झाले.

"झुलालभाऊ, तुना बागमा गयं ते," छगन म्हणाला. जणू झुलालनंच आवतण दिलं होतं.

"देखस मी," झुलाल म्हणाला, आणि जिथं उभा होता तिथूनच देखू लागला.

झुलाल उंचापुरा, साठीला टेकलेला. मिशा अशा की पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांच्याही पुढं त्यालाच उभं करत. या मिशांनी त्याचं फार नुकसान केलं होतं. भाऊबंदकीचं भांडण सोडवायचं असो की विहिरीत पडलेली म्हैस काढायची असो, लोक मिशांकडे बघून त्यालाच पुढं घालत. झुलाल जन्माचा भित्रा आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक तो स्वतः. दुसरं माणूस आपली बायको असावी असा त्याला संशय होता, पण विचारायची भीती वाटे.

दुपारी वनखात्याचा माणूस आला. ओल्या मातीतला ठसा त्यानं पट्टीनं मोजला, "बिबट्याची मादी दिसते," म्हणाला (गावाला बिबट्याही वाघच), आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. एकट्यानं आत जाऊ नका. खाली वाकून काम करू नका. लहान लेकरं, शेळ्या मोकळ्या सोडू नका. आणि जाताना आवाज करत जा. मोबाइलवर गाणी लावा. यातल्या पहिल्या गोष्टी कष्टाच्या होत्या. गावानं शेवटची तेवढी उचलली. संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा पक्का नियमही झाला: जठे गाणं तठे माणूस, जठे माणूस तठे वाघ नई. म्हातारी माणसं तर आपल्या आज्यानंच हा नियम सांगितला होता, असं म्हणायला लागली.

झुलालच्या बागातले घड भरून आले होते. ते कोयत्यानं उतरवायचे, बायांनी डोक्यावरून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत न्यायचे. कापणी लांबली तर वैशाखाच्या उन्हात घड झाडावरच पिवळे पडतात, आणि पिवळ्या घडाला व्यापारी हात लावत नाही. वर्षाचं पीक तेवढंच. कापणाऱ्या टोळीचा मुकादम तोताराम ओसरीवर येऊन बसला, पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला,

"आबा, बाग तुमना शे. पह्यले तुम्ही फिरा. आठवडाभर, रोज, गाणं लायीसन. तुम्हले काही व्हयनं नई ते मन्या बाया मझार जातीन."

"आनि माले काही व्हयनं ते?"

"मंग त्या नई जातीन," तोताराम म्हणाला. सरळ माणूस होता.

झुलालनं मिशीवरून हात फिरवला. तोताराम त्याला होकार समजला आणि उठला.

आता गाणं आणायचं कुठून? मळ्यात नेट येत नाही. झुलालच्या साध्या फोनमधून फक्त नातेवाइकांच्या मयतीच्या बातम्या येत. सून दिपमाला उन्हाळ्यापुरती पिंप्राळ्याहून गावी आली होती. तिच्याकडे जुना स्मार्टफोन होता, पण त्याचं पोट पोराच्या बारशाच्या आणि लोकांच्या सुप्रभातांच्या फोटोंनी गच्च भरलेलं. त्यात एक गाणंही मावेना. शेवटी तिनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. तो तिच्या नवऱ्याचा, प्रेमराजचा. प्रेमराज पिंप्राळ्यात रिक्षा चालवायचा. रिक्षातल्या टेपला लावायची झाडून सगळी गाणी त्या बोटाएवढ्या वस्तूत होती.

"हाई पिन फोनमा," दिपमालानं आखूड वायर लावून दाखवली. "पेनड्राइव्ह याना दुसरा तोंडले. आते आबा, वरतून खाले बोट ओढा."

झुलालनं स्वतःच्या छातीवरून बोट ओढलं.

"काचवर, आबा."

त्यानं काचेवर ओढलं. कसली तरी पट्टी खाली आली. तिच्यावर बोट ठेवलं तर पिवळ्या पिवळ्या फायली उघडल्या. नाचण्याची अहिराणी गाणी, लग्नाच्या बँडच्या धुना, भजनं. त्यातलं एक दाबलं आणि ओसरीवर एकदम वरात आली. कोंबड्या उडाल्या. दिपमालानं फोनला स्पीकरचा डबाही जोडून दिला. डब्याला पेनड्राइव्हचं स्वतःचं भोक होतं, पण त्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केलं होतं, म्हणून हा सगळा वळसा.

"आनि एक ध्यानमा ठेवा. वायर हालनी ते गाणं बंद व्हई. मंग फोन कव्हय कव्हय इचारस, फॉरमॅट करू का? तव्हय हा म्हनानं नई."

"हा म्हनं ते काय व्हई?"

"बठ्ठं पुसाई जाई."

"बठ्ठं म्हंजे?"

"बठ्ठंच."

झुलालनं बोट मागं घेतलं आणि लेंग्याला पुसलं. आधी बागाची भीती होती, आता फोनचीही झाली.

चुलीपाशी त्याची बायको कमलबाई हे सगळं ऐकत भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "जाशात ना मझार?" एवढंच विचारलं.

"नई ते काय, मशीन जाई का?"

पहिल्या दिवशी तो खरंच आत गेला.

बागात पाऊल टाकलं की दिवस मागं राहतो. बाहेर पत्र्यासारखं तापलेलं ऊन, आणि आत ओला, हिरवा, थंड अंधार. ठिबकच्या नळ्या कुजबुजल्यासारख्या थेंब टाकतात. खोडांना लटकलेली वाळकी पानं वारा नसतानाही हलतात, आणि प्रत्येक पान कुणीतरी सोलून टांगलेल्या कातड्यासारखं दिसतं. चार-दोन ओळी ओलांडून झुलालनं घडाला दिलेल्या बांबूच्या टेकूवर नायलॉनची पिशवी अडकवली. पिशवीत डबा, फोन, पेनड्राइव्ह आणि फोननं जीव धरून राहावं म्हणून पॉवर बँक. त्यानं गाणं लावलं. पुढची ओळ बघायची म्हणून मान वळवली, तेवढ्यात मागं एक पान तडकलं. गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत झुलाल कुंपणाबाहेर होता.

बाहेर येऊन त्यानं ऐकलं. गाणं आत दणक्यात चालू होतं. रस्त्यानं जाणारा कुणीतरी सायकलवरून ओरडला, "वा आबा! चालू द्या!"

झुलालनं चालू दिलं. बागाच्या पलीकडच्या अंगाला, छगनच्या निंबाखाली, रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही असा तो बसला. गाणं आत, माणूस बाहेर. नियमात हे बसत नव्हतं, पण नियम करताना कुणी विचारलंही नव्हतं.

मग रोज तसंच. सकाळी धावत आत जाऊन पिशवी टांगायची, उन्हं उतरली की धावत जाऊन काढून आणायची. त्याची सगळी हिंमत या दोन खेपांत संपे. दुपारी कमलबाई भाकर घेऊन यायची आणि पंपाच्या खोलीपाशी उभी राहून हाक मारायची, "ओ प्रेमराजना बाप!" की हा बांधाच्या आडानं पळत जाई, कुंपणाच्या फटीत शिरे आणि मान पुसत पुसत तिथूनच बाहेर येई. खांद्यावर एखादं वाळकं पान टाकून घ्यायला विसरत नसे. कमलबाई ते पान चिमटीत धरून काढी, बाजूला टाकी आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर पुढं करी.

"काही देखाई ऱ्हायनं का?"

"काय देखाई? शे का तठे काही?"

ती खाली बघे. तिच्या स्वतःच्या भाकरीतला अर्धा भाग रोज फडक्यात तसाच परत जाई. झुलालला वाटे, ऊन आहे, भूक लागत नसेल.

रोज गाण्यांच्या शेवटी, दुपार कलल्यावर, एक भलतीच गोष्ट वाजे. पहिल्यांदा ती ऐकून झुलाल निंबाखालून ताडकन उठला होता. बागातून प्रेमराज बोलत होता! "माता-भगिनींनो! या, या, घाई करा! भव्य साडी सेल! आपल्या पिंप्राळ्यात, पाण्याच्या टाकीसमोर! एकदा आत याल तर बाहेर जायचं नाव घेणार नाही!" मग त्याच्या ध्यानात आलं. पोरगं आधी जाहिरातीची रिक्षा फिरवायचं, तेव्हाचं ते पेनड्राइव्हवर राहिलं असावं. हे इतक्यांदा भरलेलं होतं की ते तासन्तास चाले. अंधाऱ्या बागातून आपलाच लेक सगळ्यांना आत बोलावतोय, हे ऐकताना झुलालच्या पाठीतून थंड पाणी उतरे. कमलबाई तोपर्यंत घरी गेलेली असे, हे बरं.

एका संध्याकाळी पिशवी काढताना त्याला वास आला. ओल्या पोत्यात मांजर कोंडावं तसा. पिशवीखालची माती दाबून गुळगुळीत झाली होती, कुणी घोंगडी टाकून बसल्यासारखी. त्यावर बारीक पिवळट केस. झुलालनं ठरवलं, कुत्रं असेल. एकदा ठरवल्यावर तो कुणाशी बोलला नाही. बोलायचं तर आत किती वेळ होतास, काय करत होतास, हे सगळं आलं. शिवाय तोतारामला सांगून झालं होतं, की बाग साफ आहे, फक्त एक दिवस राहिलाय, परवा बाया आण.

त्या रात्री जेवताना कमलबाई सहज म्हणाली, "गाणं रोज एकच जागावरथून कसं काय येस? तुम्ही एकच खोडले धरीसन उभा ऱ्हातस का?"

दिपमाला हसली. झुलालनं पाण्याचा तांब्या उचलला. उद्याच्या दिवसानंतर बाया आत शिरणार होत्या, आणि त्या शिरणार होत्या त्याच्या शब्दावर. झोप आली नाही. पण सकाळी उठून तो जे करायला गेला ते एवढंच, की पिशवी आणखी खोल, बागाच्या मध्यात नेऊन टांगली. कसं गेलो, कसं आलो, त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. बाहेर आल्यावर एक चप्पल पायात नव्हती.

त्या दिवशी वारा सुटला होता. गरम, भट्टीच्या तोंडासारखा. घरी कुरडयांचा घाट होता, म्हणून भाकर यायला उशीर होणार होता. झुलाल निंबाखाली उपाशी बसला. कितीतरी रात्रींची झोप डोळ्यांवर होती. बसल्या बसल्या तो कलंडला.

"...एकदा आत याल तर बाहेर जायचं नाव घेणार नाही!"

प्रेमराजच्या आवाजानं तो जागा झाला. सावली सरकून ऊन तोंडावर आलं होतं. दुपार कलली होती. भाकर? तो उठून बांधाच्या कडेनं पंपाच्या खोलीकडे गेला. खोलीच्या ओट्यावर भाकरीचं फडकं होतं. गाठ मारलेलं. शेजारी कमलबाईच्या चपला नव्हत्या. कमलबाई नव्हती.

कुंपणाच्या फटीत शेवरीची एक डहाळी नुकतीच वाकून मोडली होती. तिच्या टोकाला लुगड्याचा हिरवा दोरा.

ती हाक मारून मारून थकली असणार. हाकेला नवरा आला नाही. मग आतून लेकाचा आवाज आला. आणि जिथं गाणं तिथं माणूस, हे तिला सगळ्या गावानं सांगितलंच होतं.

झुलालनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि एवढ्या वेळातही त्याच्या मनात आलं की मोठ्यानं ओरडलं तर छगन ऐकेल, माणूस बाहेर आहे हे कळेल. म्हणून पहिली हाक हळू निघाली. स्वतःच्या त्या हळू हाकेची त्याला अशी किळस आली की दुसरी त्यानं बेंबीच्या देठापासून मारली. "ओ कमल!" तीस-पस्तीस वर्षांत नाव घेऊन मारलेली ही पहिलीच हाक. ती बागापर्यंत पोचली आणि लेकाच्या आवाजाखाली बुडाली. या, या, घाई करा.

तो आत शिरला.

एक पाय अनवाणी होता. चिखल बोटांमधून वर आला. डोळ्यांना काही दिसेना, नुसता हिरवा काळोख. पान गालाला लागलं की तो थांबे, मग पुन्हा चाले. प्रत्येक ओळीनंतर डावीकडे तीच खोडं, उजवीकडे तीच खोडं. परत फिरावं, छगनला आणावं, काठ्या आणाव्यात, हे शहाणपण त्याला दर ओळीला सुचत होतं. पाय मात्र पुढं पडत होते. पायांवर त्याचा इतका कमी ताबा उभ्या जन्मात कधी नव्हता.

मग ती दिसली.

पिशवी टांगलेल्या खोडापुढं कमलबाई पाठमोरी उभी होती. पदर कानामागं सारला होता. मान थोडी कलती. प्रेमराज आखाजीलाही आला नव्हता, फोनवर दोन शब्द बोलून ठेवून द्यायचा. इथं तो न थांबता बोलत होता, आणि ती पिशवीवर नजर लावून ऐकत होती.

तिच्या पलीकडे, हाकेच्याही अलीकडे, जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते. पिवळे, मधे काळे. झुलालला वाटलं कवडसेच आहेत. मग त्यातले काही श्वास घेताना दिसले.

वाघीण आडवी पडली होती. पोटाशी दोन पिल्लं. डोळे मिटलेले, एक कान तेवढा माशी उडवत होता. भव्य साडी सेल तिच्या अंगवळणी पडला होता. आठवडाभर हा आवाज रोज येतो, कुणाला काही करत नाही आणि संध्याकाळी जातो, हे तिनं ओळखून घेतलं होतं. गावापेक्षा तिला या गाण्यातलं जास्त कळत होतं.

झुलालनं कमलबाईला खूण करायला हात उचलला. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, वर पानं फाटल्यासारखी वाजली, एक मोठं पान पिशवीवर आपटलं. पिशवी गरकन फिरली. "माता-भगि..." आणि सगळं बंद झालं. पिशवीच्या आत फोनची काच उजळली. काय विचारत होती, देव जाणे.

बागात असली शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. ठिबकचा थेंब पडलेला ऐकू आला.

वाघिणीनं डोळे उघडले. मान उचलली. गाणं होतं तोवर ती झोपली होती. गाणं थांबल्यावर तिला कळलं की इथं कुणीतरी आहे. पुढचे पाय तिनं अंगाखाली घेतले.

झुलालच्या मांड्यांना काहीतरी गरम लागलं. ठिबकची नळी फुटली असावी असं त्याला क्षणभर वाटलं. ठिबकचं पाणी गरम नसतं.

काहीतरी आवाज करायला हवा होता. भजन, आरती, शिवी, काहीही. डोकं धुऊन काढल्यासारखं कोरं होतं. आणि मग त्याच्या तोंडातून, त्याचा नव्हेच असा बारीक, चिरका आवाज बाहेर पडला:

"माता-भगिनींनो..."

कमलबाईनं वळून पाहिलं. तिनं त्याचं तोंड पाहिलं, त्याची नजर कुठं लागली आहे ते पाहिलं, आणि ती मागं वळली नाही. वाघीण तिनं नवऱ्याच्या तोंडावरच बघितली.

"या," झुलाल म्हणाला. "या, या. घाई करा... घाई नका करू. हळू या. भव्य... भव्य साडी सेल..."

ती एक पाऊल आली. तो एक पाऊल मागं सरला. वाघिणीचे कान मागं गेले होते. आता ते पुढं आले. आवाज ओळखीचा होता. निदान शब्द तरी. ती उठली नाही, पण मानही खाली टेकवली नाही.

"आपल्या पिंप्राळ्यात... पाण्याच्या टाकीसमोर..." झुलाल उलट्या पावलांनी मागं जात साड्या विकत होता, आणि कमलबाई त्याच्या डोळ्यांवरून नजर न काढता एकेक पाऊल त्याच्याकडे येत होती. हाताच्या अंतरावर आल्यावर तिनं त्याचं मनगट धरलं. नखं आत रुतली. दोघं तसेच सरकू लागले, तो मागं, ती पुढं. एक ओळ. आणखी एक. पाठीला खोड लागलं की तो वळसा घेई, आणि वळसा घेताना आवाज कापे. "एकदा आत याल तर..." इथं आल्यावर तो थांबला. पुढचे शब्द त्याला येत होते, पण ते उच्चारायची त्याची छाती होईना.

पुन्हा शांतता पडायला लागली. तेवढ्यात कमलबाईनं तोंड उघडलं.

"साड्या!" ती त्याच पट्टीत, त्याच चढ्या आवाजात म्हणाली. "साड्या इकी ऱ्हायनात! लगीन करीसन लयनात तव्हयपशी एक साडी तरी तुम्ही मनासाठे लयनात का? सांगा! मी इचारी ऱ्हायनू!"

"नई," झुलाल म्हणाला.

"जोरमा बोला!"

"नई!"

"आठवडाभर घास उतरे नई मना! माले वाटे, मना मानूस मझार शे, एकला शे. चुलाम्होरे बसू आनि गाणं ऐकू येस का ते देखू. आनि तुम्ही कोठे व्हतात? सांगा, कोठे व्हतात?"

"निंबना झाडखाले!"

"निंबना झाडखाले! झोपेल!"

"झोपेल!"

तिचा आवाज एकदाही कापला नाही. साखरपुड्याच्या साखरेपासून ते थोरल्या जावेनं पळवलेल्या परातीपर्यंत तिनं एकेक गोष्ट बाहेर काढली, नीट, सावकाश, अनुक्रमानं. आणि झुलालनं प्रत्येक गोष्ट मोठ्यानं कबूल केली. काही त्यानं केलेल्याही नव्हत्या. वाघीण आता दिसत नव्हती. त्यामुळं भीती दुप्पट झाली. मागं दोन पानं हलली की मनगटातली नखं आणखी आत जात, आणि कमलबाईचा आवाज आणखी चढे.

पाठीला शेवरीच्या काटक्या टोचल्या. दोघं फटीतून बाहेर पडले. ऊन अंगावर कोसळलं. तरीही ती बोलत राहिली, पंपाच्या खोलीपर्यंत. ओट्याला हात लागल्यावर ती वाक्याच्या मधेच थांबली आणि खाली बसली.

रस्त्याकडून माणसं येत होती. आरडाओरडा ऐकून छगन काठी घेऊन पळत होता. त्याच्यामागं तोताराम, उद्याच्या कापणीसाठी बाग बघायला निघालेला. झुलालनं खाली पाहिलं. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजून अंगाला चिकटला होता. मागं बाग होता, पुढं माणसं होती. जाणार कुठं? वाघिणीपुढं जेवढं काळीज हललं नव्हतं तेवढं आता हललं. बागात ते झालं तेव्हा बघणारं फक्त जनावर होतं.

कमलबाईनं मान वर केली. त्याच्याकडे, मग त्याच्या लेंग्याकडे बघितलं.

"तुम्ही येशात आसं माले वाटनं नव्हतं," ती म्हणाली.

हे कौतुक होतं की आयुष्यभराचा हिशोब, ते झुलालला कळलं नाही. ती ओट्याला धरून उठली. खोलीच्या सावलीत पिण्याच्या पाण्याचा माठ होता. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या डोक्यापर्यंत नेला आणि कलता केला.

"ऊन लागनं त्यासले!" ती येणाऱ्यांना ओरडून म्हणाली. "मालक मझार गयथात. वाघीन शे, पिल्ला शेत. सकाय कोन्या बाया लयू नका, तोतारामभाऊ."

तोताराम जागीच थांबला. "डोयासवरी देखी का, आबा?"

झुलालनं मान डोलावली. तोंडावरून, छातीवरून, लेंग्यावरून पाणी सगळीकडे सारखं ओघळत होतं.

"अरे बाप रे," छगन म्हणाला आणि काठी खाली टेकली. तोताराम बागाकडे बघत राहिला. कुंपणावरून भरल्या घडांची टोकं दिसत होती.

"मंग घड?"

"पिकतीन," कमलबाई म्हणाली. "पिकू द्या."

माठाच्या तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. तिनं हात घालून ते ओंजळीनं काढलं, नवऱ्याच्या लेंग्यावर टाकलं, आणखी एकदा काढलं, टाकलं.

"भलतं ऊन शे आज," ती म्हणाली.